लातुरात ओक, फ्रीजमध्ये बिया आणि निंबोळीची घाई

आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी नाव ठेवायला नको, लातुरात ओकचं झाड होत नाही. रोप होतं. बी रुजतं, मूळ निघतं, पानं फुटतात, कुंडीत नीट सांभाळलं तर दिसायलाही झकास दिसतं. पण बांधावर लावलं आणि नातवंडं त्याच्या सावलीत बसली, असलं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. स्टेटसला रोपांचा फोटो टाकल्यापासून "कोणत्या नर्सरीत मिळालं", "एक रोप आपल्या शेतासाठी ठेव बरं का" असे मेसेज येतच राहिलेत, एकेकाला उत्तर देऊन बोटं दुखायला लागली म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतोय. आणि खरं सांगायचं तर या ओकच्या नादात मला ओकपेक्षा आपल्या निंबोळीचंच जास्त कळलं, ते पुढं येईलच.

तर झालं असं की माझा भाचा डेहराडूनला शिकायला आहे. यंदा येळवशीला आला. (बाहेरच्या लोकांसाठी, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी अख्खं लातूर शेतात असतं, भज्जी, अंबील, कोपीतली पूजा, गावात चिटपाखरू सापडत नाही.) येताना त्यानं मसुरीच्या वरच्या रस्त्याला पडलेली ओकची फळं गोळा करून आणली होती. इंग्रजीत एकॉर्न म्हणतात ती. सुपारीपेक्षा जरा बारकी, टोकाला निमुळती, वर टोपी घातलेली. आणली कशात, तर ओल्या रुमालात गुंडाळून टिफिनच्या डब्यात. त्यावेळी मला वाटलं पोरगं उगाच लाड करायलंय बियांचे, पण नेमकं तेच बरोबर होतं.

तिकडं या झाडाला बांज म्हणतात. ओक म्हणजे काही एकच झाड नाही, जगभरात साडेचारशेच्या आसपास जाती आहेत, इंग्लंडचा वेगळा, अमेरिकेतले लाल-पांढरे वेगळे. आपल्या देशात ओक आहे तो हिमालयात आणि ईशान्येकडं. उत्तराखंडात साधारण 1200 ते 2300 मीटरपर्यंत बांज, त्याच्या वर मोरू किंवा तिलोंज, आणि अजून वर थंडीत खरसू. आपल्या सह्याद्रीत कितीही पाऊस पडू दे, आपसूक उगवलेला ओक तुम्हाला महाबळेश्वरलाही दिसणार नाही. बांजच्या पानाची खालची बाजू पांढुरकी असते, वारा आला की झाडाचा रंगच बदलल्यागत वाटतं असं भाचा सांगतो. तिथल्या बाया जनावरांना चारा म्हणून त्याचा पाला कापून आणतात, आणि बांजच्या जंगलाखालचा झरा आटत नाही असं तिथली जुनी माणसं म्हणतात. हे ऐकून आमच्या आईनं लगेच विचारलं, "मग दोन-चार हितं आणून लाव की रं, आपल्या बोअरला तरी पाणी येईल." लातूरच्या माणसाला झाड म्हटलं की आधी पाणीच आठवतं, त्यात तिची काय चूक.

आता कामाचं. ओकचं बी रुजवायचं असेल तर पहिलं काम निवड. सगळी फळं पाण्याच्या बादलीत टाकायची आणि रात्रभर ठेवायची. टोपी आधी काढायची, हातानंच निघते, नाहीतर टोपीमुळं चांगलं बी पण तरंगतं. सकाळी जी तळाला बसली ती ठेवायची आणि जी वर तरंगतायत ती बहुतेक बाद. तरंगतात कारण आतून सुकून पोकळी झालेली असते, नाहीतर आत कुणीतरी जेवून गेलेलं असतं. फळावर बारीक गोल भोक दिसलं तर समजायचं की पाहुणा जेवून बाहेर पडला. हा पाहुणा म्हणजे सोंडेकिडा. आपल्या तांदळात ज्वारीत जे सोंडे होतात त्यांच्याच खानदानातला, पण याची सोंड इतकी लांब की मादी कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडं घालते, अळी आतच वाढते, फळ खाली पडल्यावर भोक पाडून बाहेर येते आणि जमिनीत जाते. आमच्या घरी एक अळी वाटीत निघाली, पांढरी, गुबगुबीत, आणि ती नेमकी आईला दिसली. त्यानंतर ती वाटी स्वयंपाकघरात परत आलेली नाही.

परदेशात मोठ्या नर्सऱ्या 49 डिग्रीच्या गरम पाण्यात अर्धा तास बिया ठेवतात म्हणजे अळ्या मरतात आणि बी जगतं. घरी हे करायच्या भानगडीत पडू नका. पाणी जरा जास्त तापलं की बी शिजलं. घरगुती कामाला निवडूनच घेतलेलं बरं.

दुसरं काम, आणि इथंच सगळी गंमत आहे. हे बी वाळवायचं नाही. आपल्या डोक्यात बी म्हटलं की वाळवणं पक्कं बसलेलं असतं. ज्वारी काढली की वाळवली, तूर वाळवली, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत ठेवली, पुढच्या मृगात पेरली. बी जितकं वाळलेलं तितकं टिकतं, हा आपला हजार वर्षांचा हिशोब. ओकच्या बाबतीत हा हिशोब उलटा होतो. त्याच्या बियात झाडावरून पडतानाच भरपूर ओल असते आणि ती एका हद्दीखाली गेली की बी मरतं, परत पाण्यात भिजवलं तरी उठत नाही. 1973 साली रॉबर्ट्स नावाच्या एका इंग्रज शास्त्रज्ञानं बियांचे असे दोन गट पाडले, एक वाळवून थंडीत वर्षानुवर्षं राहणारे आणि दुसरे वाळवलं की मरणारे. ओक दुसऱ्यात. तिकडं नॉर्वेच्या बर्फाळ बेटावर स्वालबार्डला 2008 साली ते प्रसिद्ध बियांचं कोठार सुरू झालं ना, जगभरातल्या पिकांच्या बिया उणे 18 डिग्रीत ठेवलेल्या, तिथं ओकचं बी ठेवताच येत नाही. वाळवलं तर मरतं, न वाळवता गोठवलं तर आतलं पाणी गोठून मरतं. म्हणजे जगातलं सगळ्यात भारी कोठार आणि त्याला हे एवढंसं फळ भारी पडलं.

खरसूचं तर अजून पुढचं. त्याची फळं ऐन पावसाळ्यात पिकतात आणि कधीकधी झाडावर असतानाच त्यांना मूळ फुटायला लागतं. खाली पडलं की थेट मातीत घुसायचं, थांबायचं नाव नाही. वर हिवाळा इतका कडक की पावसाळ्यातच पाय रोवला तर रोवला, नाहीतर गेलं.

भाच्यानं अजून एक गोष्ट सांगितली, मला आधी थापच वाटली पण खरी आहे. अमेरिकेतल्या करड्या खारी हिवाळ्यासाठी ओकची फळं पुरून ठेवतात. लाल ओकचं फळ थंडी खाल्ल्याशिवाय रुजत नाही, त्यामुळं ते तसंच पुरतात. पण पांढऱ्या ओकचं फळ पडल्या पडल्या मूळ काढतं, म्हणजे पुरलेला साठा फुकट जायचा. तर या खारी पांढऱ्या ओकचं फळ घेतलं की आधी त्याचा कोंब दातानं कुरतडून काढतात आणि मग पुरतात. कोंब नाही तर रुजणार काय. बी जिवंत ठेवायचं की खायला ठेवायचं, हे खारीला नीट कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, निंबोळीच्या वेळी परत लागणार आहे.

आमच्या गच्चीवरच्या तीन पट्ट्यांच्या खारी एवढ्या हुशार नाहीत, त्या सरळ उकरतात आणि पळवतात. म्हणून कुंडीवर बारीक जाळी बांधावीच लागते. माझं नळ-पाइपाचं दुकान आहे, त्यामुळं जाळी, क्लॅम्प, तार असल्या वस्तूंना घरात तोटा नाही, आणि याचा फायदा पुढं कुंड्यांना पण झाला.

तर बिया निवडल्या की ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घ्यायचा. ओलसर म्हणजे मुठीत दाबलं तर पाणी गळायला नको पण हाताला ओल लागली पाहिजे. त्यात बिया मिसळून झिपच्या पिशवीत भरायच्या, पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवायचं, बियांना पण श्वास लागतो, आणि फ्रीजमध्ये खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवायच्या. फ्रीजरमध्ये चुकूनही नाही. लाल ओकच्या जातींना अशी दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त थंडी लागतेच, तेव्हा कुठं त्या रुजतात. बांजला ती तशी अट नाही, त्याला फ्रीज फक्त सुकू नये आणि आपल्या सोयीनं लावता यावं म्हणून. आमच्या घरी भाजीच्या कप्प्यावरून थोडा वाद झाला, कोथिंबिरीची जागा कुणाची यावर, शेवटी कोथिंबीर वर गेली आणि ओक खाली राहिला. बायको म्हणे, "अहो, लोकांच्या फ्रीजमध्ये आईस्क्रीम असतं, आपल्यात माती." खोटं काही नव्हतं त्यात.

अधूनमधून पिशवी उघडून बघायची. बुरशी आलेली काढून टाकायची, बाकीच्या धुवून परत ठेवायच्या. ज्या बियाच्या टोकाला चीर पडून पांढरं मूळ डोकावायला लागलं, ती बाहेर काढून लावायची. लावताना बी आडवं ठेवायचं, वर इंचभर माती. उलटं का सुलटं याचा विचार करायचा नाही, मूळ आपोआप खाली वळतं. आणि हो, बियाची दोन्ही दळं (आतले दोन जाड अर्धे भाग) मातीतच राहतात, घेवड्यासारखी वर येत नाहीत, त्यामुळं वर काहीच दिसत नाही म्हणून उकरून बघू नका. खाली मूळ जोरात चाललेलं असतं आणि वर सामसूम असते. ओकचा सगळा जोर आधी मुळावर, पहिल्याच वर्षात फूटभर मूळ सहज जातं आणि वर रोप असतं वीतभर.

म्हणून दुधाची पिशवी यात चालत नाही. आपल्याकडं रोप म्हटलं की दुधाची पिशवी, ती या कामाला फार उथळ पडते. मूळ तळाला लागतं, मग गोल गोल फिरायला लागतं आणि तसं वेटोळं घेतलेलं रोप पुढं जमिनीत लावलं तरी त्याचं मूळ सरळ होत नाही, चार-पाच वर्षांनी वादळात आडवं होतं. मी दुकानातले उरलेले चार इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे घेतले, हातभर लांब, बुडाला जाळी बांधली आणि विटांवर उभे केले. खाली हवा लागते, मूळ जाळीतून बाहेर आलं की टोक सुकतं आणि मग वरून बाजूची मुळं फुटतात, गोल फिरत नाही. आणि रोप काढताना त्रास नको म्हणून पाइप आधी उभा चिरून तारेनं बांधून ठेवायचा. गिऱ्हाईक विचारतात, "शेठ, हे कसलं फिटिंग आहे?" दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली वरून कापली तरी चालते, फक्त तिला बाहेरून काळा कागद गुंडाळा, मुळाला उजेड नको.

माती. शेतातली काळी माती कुंडीत भरायची नाही, हे ओकलाच नाही, सगळ्यालाच. पाणी घातलं की चिखल, सुकली की भेगा, आणि भेगेत कोवळं मूळ तुटतं. लाल माती, थोडी वाळू, चांगलं कुजलेलं शेणखत. ओकला अजून एक अडचण अशी की त्याला जरा आंबट माती मानवते आणि आपलं सगळंच चुनखडीचं. बोअरचं पाणी तर विचारूच नका, माझ्या धंद्यात मी रोजच बघतो, नळाच्या तोटीला पांढरा थर चढून वर्षात तोटी बदलायची वेळ येते. तेच पाणी ओकला घातलं की पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. त्याला उपाय सापडला तो शेजारच्या मोबाइलवाल्याच्या एसीत. एसीच्या पाइपातून जे थेंब थेंब पाणी पडतं त्यात क्षार जवळजवळ नसतातच. खाली कॅन लावला, संध्याकाळपर्यंत भरतो. आरओचं सोडलेलं पाणी मात्र उलटं, त्यात क्षार अजून जास्त, ते नको.

आता उन्हाळा. मार्चपर्यंत सगळं छान चालतं आणि मग आपलं खरं रूप सुरू होतं. मसुरीत मे महिन्यात लोक स्वेटर घेऊन फिरायला जातात, इथं पारा चाळिशीच्या वर. ओकच्या पानांच्या कडा आधी करपतात, मग पान कागद होतं. हिरवी शेडनेट दुहेरी लावली, दुपारी रोपं कूलरच्या खिडकीखाली सावलीत ठेवली, त्यातली काही तगली. पण तगलेल्या रोपांच्या तोंडाकडं बघून कळतं की ती इथं मुक्कामाला आहेत, राहायला नाहीत. ज्या गावाला 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात एका झाडासाठी कायम सावली आणि कायम गोडं पाणी, हे मला पटत नाही. शेतात तर नाहीच नाही. कुंडीत हौस म्हणून, पोरांना मूळ कसं निघतं ते दाखवायला, काचेच्या ग्लासात बी अडकवून रोज बघायला, एकदम मस्त. तेवढंच. जी जगलीत ती भाचा पुढच्या खेपेला परत डेहराडूनला नेणार म्हणतोय, तिथल्या त्याच्या मित्राच्या घरामागं जागा आहे.

आता निंबोळी.

फ्रीजमधली ती पिशवी बघून बघून माझ्या डोक्यात आलं की वाळवलं की मरणारं बी आपल्याकडं पण असेलच की. आणि आहे. सगळ्यात डोळ्यासमोरचं म्हणजे कडुलिंब. दरवर्षी कुणीतरी सांगतं, "निंबोळ्या गोळा करून ठेवल्या होत्या, पुढच्या पावसाळ्यात टाकल्या, एक उगवली नाही, बी खराब होतं." बी खराब नव्हतं, म्हातारं झालं होतं. निंबोळीची उगवणशक्ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच झपाट्यानं उतरते. डब्यात भरून ठेवली तर पुढच्या मृगाला ती फक्त फवारणीच्या कामाची.

आणि इथंच आपला घोळ होतो, कारण फवारणीसाठी निंबोळी सावलीत वाळवून ठेवायची हे आपल्या शेतकऱ्याला पाठ आहे. कापसावर, तुरीवर पाच टक्क्याचा निंबोळी अर्क, 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळीची भुकटी, हे खेड्यातलं लहान पोरगं पण सांगेल. त्यासाठी वाळवणं एकदम बरोबर. पण अर्काला लागतो तो आतला कडूपणा, झाडाला लागतो तो आतला जीव. अमेरिकेतल्या खारीला हा फरक कळतो, आपण मात्र दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

तर निंबोळीचं सोपं आहे. मृग-आर्द्राच्या सुमाराला पिवळ्या झालेल्या निंबोळ्या खाली पडायला लागतात. झाडावरच्या हिरव्या ओरबाडायच्या नाहीत. पिवळ्या, बोटानं दाबलं की बी सटकन बाहेर येईल अशा घ्यायच्या. गर लगेच काढायचा, वाळूत चोळून धुतलं की निघतो, गर राहिला की बुरशी येते. मग एखादा दिवस सावलीत पसरायच्या, उन्हात अजिबात नाही, आणि त्याच आठवड्यात पिशवीत लावायच्या. इंचभरापेक्षा खोल नको. एक-दोन आठवड्यांत, कधी तीन, वर येतात. फ्रीज नको, एसीचं पाणी नको, शेडनेट नको, बोअरचं खारट पाणी पिऊन हसत वाढतात. वरच्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की ऊन दाखवायचं आणि त्याच पावसाळ्यात, फार तर पुढच्या, जमिनीत.

जांभळाचं पण असंच. जांभूळ खाल्लं की बी खिशात टाकू नका, मातीत टाका. पंधरा-वीस दिवस वाळलं की संपलं. जांभळात गंमत अशी की एका बीतून कधीकधी दोन-तीन कोंब निघतात, सगळे ठेवायचे नाहीत, जोरदार एक ठेवून बाकी कापायचे, उपटायचे नाहीत, नाहीतर मूळ हलतं. आंबा सगळ्यांना माहितीच आहे, फक्त कोयीचं टरफल कडेनं हळूच उघडून आतलं बी लावलं तर लवकर येतं आणि आत किडा आहे का तेही कळतं. बांधावरचे गावरान आंबे तोडून तोडून आता रसाच्या आंब्याची कोय मिळणंच अवघड झालंय, तो विषय काढला तर ही पोस्ट संपणार नाही.

याच्या उलट जी बिया ठेवल्यानं बिघडत नाहीत ती वेगळीच पंगत. चिंचोका घ्या, डब्यात वर्षानुवर्षं पडू द्या, रात्रभर कोमट पाण्यात भिजवला की उगवतो. बाभळीचं तर अजून सोपं, शेळ्यांच्या वाड्यातल्या लेंड्या आणायच्या. शेळी बाभळीच्या शेंगा खाते, बियाचं कडक कवच तिच्या पोटात मऊ होतं, लेंडीत आलेलं बी भराभर उगवतं. बाभळीचं बी विकत घेणाऱ्याला मी तरी आधी शेळीवाल्याकडं पाठवतो.

आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काभर सुद्धा नाही. झाडं लावा म्हणून मोहिमा येतात जातात, 2019 ला तर राज्यात 33 कोटींचं लक्ष्य होतं, त्यातली किती जगली यावर भांडायला वेगळा दिवस पाहिजे. मला त्यातलं एकच खटकतं, सगळा जोर लावायच्या दिवसावर असतो आणि बी गोळा करायच्या दिवसाचं कुणाच्या कॅलेंडरवर नावच नसतं. कडुलिंबाचा आठवडा वेगळा, जांभळाचा वेगळा, मोहाचा वेगळा. तो आठवडा हुकला की मग नर्सरीत जे मिळेल ते, गुलमोहर नाहीतर सप्तपर्णी. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराई या देशी झाडं लावणाऱ्या संस्थेचं काम आहे, 2020 साली तिथं वृक्ष संमेलन झालं आणि अध्यक्ष म्हणून चक्क वडाचं झाड होतं. एकदा जाऊन या, माळरानावर आपल्याच मातीतली झाडं कशी धरतात ते बघायला मिळतं.

माझं सध्या मोहावर चाललंय. ओकवाले ते पाइपाचे तुकडे रिकामे होणार आहेत आणि मोहाला पण तसंच खोल भांडं लागतं, मूळ खाली पळतं. मोह आमच्या लातूरकडं फारसा नाही, पण किनवटच्या जंगलात भरपूर. फुलं मार्च-एप्रिलला आणि फळं पावसाच्या तोंडावर. मोहाच्या बीला टोळंबी म्हणतात, तिचं तेल काढतात म्हणून गोळा केलेली टोळंबी बाजारात मिळते पण ती वाळवलेली असते, तिचा आपल्याला उपयोग नाही. मला पाहिजे ताजी, झाडाखालची, गर नुकताच काढलेली.

किनवट-माहूरकडचं कुणी वाचत असेल तर एवढं काम करा. मूठभर टोळंबी ओल्या गोणपाटात गुंडाळा, कापडी पिशवीत घाला आणि लातूरच्या एसटीत कंडक्टरकडं पार्सल म्हणून देता आली तर बघा, एका दिवसात पोचते. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत पाठवू नका, उन्हात आत घाम येऊन बी सडतं. आणि "जरा वाळवून पाठवतो म्हणजे वजन कमी होईल" असं तर अजिबात करू नका, भाडं मी देतो.